सुभाषनगरची कोल्हापुरी, नव्या मापात

पुण्याच्या एका तरुण डिझायनर मुलीने कोल्हापुरात सुभाषनगरातल्या एका घरगुती कारखान्याबरोबर चपला काढल्या आहेत. उन्हाळ्यात घेतलेला जोड मी शाळेत रोज घालते, दिवसभर फरशीवर उभी असते, तेव्हा आता मत द्यायला हरकत नाही. किंमत 3,600 रुपये. चप्पल लाईनला, म्हणजे कोल्हापूरच्या चपलांच्या बाजारात, हाताने शिवलेला चांगला जोड याच्या निम्म्यात मिळतो. मग वरच्या पैशांत काय मिळतं, हे कुणीही विचारणारच.

कोल्हापुरीच्या मूळ कामाला तिने हात लावलेला नाही. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं म्हशीचं कातडं, वादीची, म्हणजे कातड्याच्या बारीक पट्टीची शिलाई, खिळा एकही नाही. बदल आहे तो मापात. आपल्याकडे आठ नंबर म्हणजे आठ, मग पाऊल रुंद असो की निमुळतं. तेल लावा, थोडे दिवस चावेल, मग पाय बसेल, हेच ऐकत आलो. इथे अर्धे नंबर आहेत आणि रुंद पावलासाठी वेगळा नमुना आहे. अंगठ्याला आतून बकरीच्या मऊ कातड्याचं अस्तर दिलंय. कान, म्हणजे पट्टा ज्यांना जोडतात ते बाजूचे कातडी तुकडे, तळाला शिवतात ती जागा किंचित मागे घेतलीय, त्यामुळे पट्टा पायाच्या उंचवट्यावर घासत नाही. माझं पाऊल रुंद आहे आणि पहिल्या दिवसापासून एक फोड आला नाही.

कारखान्यातले काका म्हणाले, "बाई, आधी नुसते पुठ्ठेच कापत हुतो बघा. म्हटलं, ही पोरगी चप्पल करून घेणार का न्हाई?" मापं बसवायला कापलेल्या त्या पुठ्ठ्यांचेच जास्तीचे पैसे मी दिले, आणि आनंदाने दिले.

जून 2025 मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने आपल्यासारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा संतापलेल्यांत मीही होते. महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांत बनणाऱ्या कोल्हापुरीला 2019 मध्येच भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. पुढे त्यांची माणसं इथे येऊन गेली, डिसेंबरमध्ये आपलं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचं तसंच महामंडळ लिडकर यांच्याशी करार झाला. 2,000 जोड, एका जोडाची किंमत 800 युरोच्या आसपास. झालं ते चांगलंच झालं. पण मला या छोट्या भागीदारीचं जास्त कौतुक आहे, कारण इथे मापं घेतली ती रोज कोल्हापुरी घालणाऱ्यांच्या पायांची.

आणखी एक गोष्ट. जोडाबरोबर एक कार्ड येतं. कातडं कुणी कापलं, शिलाई कुणाची, वेणी कुणाची, सगळी नावं त्यावर. पट्ट्यावरची वेणी बहुतेक घरांत बायकाच घालतात, पण दुकानात विचारा, कारागीर म्हणून नाव पुरुषाचंच सांगतील. इथे वेणी घालणाऱ्या ताईंशी बोलले. त्यांच्या कामाचा दर आता वेगळा ठरलाय आणि पैसे त्यांच्या हातात पडतात. ऑर्डरची अर्धी रक्कम आधी मिळते, म्हणून कातड्यासाठी व्यापाऱ्याकडे उधारी करावी लागत नाही. ताईंनी स्वतःच्या कामाचं कार्ड देवघराजवळ लावून ठेवलंय.

तक्रारही आहे. याच चपलेचा रबरी तळाचा प्रकार मैत्रिणीने घेतला. गुळगुळीत टाइल्सवर तो घसरत नाही, हे खरं. पण रबर शिवलेलं नाही, चिकटवलेलं आहे, आणि पावसात कडेने सुटलं. शिवलेला तळ उसवला तर कुठलाही चांभार आरी घेऊन पाच मिनिटांत सांधून देतो. सुटलेलं रबर धड बसलंच नाही. तुम्ही साधा कातडी तळच घ्या, पावसाळ्यात चप्पल कपाटात ठेवा आणि अधूनमधून एरंडेलाचा हात फिरवा. निळा रंग दिलेला प्रकारही घेऊ नका. त्याखाली कातड्याचा पोतच दिसत नाही, आणि वापराने कोल्हापुरी जी गडद होत जाते, ती मजा जाते.

मुख्य आक्षेप वेगळाच आहे. टाचेखाली तळावर ठसा आहे तो डिझायनरच्या नावाचा. कारागिरांची नावं मात्र कागदाच्या कार्डावर, जे बहुतेक घरांत खोक्याबरोबर रद्दीत जाईल. कारखान्याचं नाव तरी कातड्यावर उमटायलाच हवं. मी तिला तसं लिहून कळवलंय, आणि तुम्ही जोड घेतलात तर तुम्हीही कळवा.