हॅलोवीनला पोरांना घेऊन कँपिंग: प्रायव्हेट कँपग्राउंड की स्टेट पार्क?

कँपग्राउंडवरचं हॅलोवीन म्हणजे काय भानगड असते ते तुम्हाला माहितीये असं धरून चालतो. साइट (तंबू किंवा गाडी लावायला मिळते ती जागा) सजवायची, शनिवारी पोरांनी कॉस्च्यूम घालून साइट-टू-साइट ट्रिक-ऑर-ट्रीट करायचं (म्हणजे फिरून चॉकलेट-कँडी गोळा करायची), भोपळे कोरायचे, हेराइड (गवत भरलेल्या ट्रॉलीतून फेरफटका), रात्री शेकोटी. प्रश्न एवढाच की जायचं कुठे, जेलीस्टोन किंवा केओए या कँपग्राउंड चेनच्या धर्तीच्या प्रायव्हेट फॅमिली कँपग्राउंडला की सरळ राज्य सरकारच्या स्टेट पार्कात. आम्ही पेनसिल्व्हेनियात राहतो, दोन्ही करून झालंय, एक पोरगी प्रीस्कूलमध्ये आणि मुलगा तिसरीत, तेव्हा पुढचं सगळं त्या वयाच्या हिशोबाने वाचा. टीनएजर असतील तर उत्तर उलटंही येऊ शकतं.

घरच्या गल्लीत का नाही, हे विचारणारे असतातच. करा की, आम्हीही करतो. पण 31 ऑक्टोबर बहुतेक वेळा शाळेच्या दिवशीच येतो, आणि दिवाळी कधी त्याच्या अंगावर येऊन बसते ते सांगता येत नाही. 2024 ला इकडे लक्ष्मीपूजन आणि हॅलोवीन एकाच संध्याकाळी होतं, दारात पणत्या लावायच्या, नैवेद्य दाखवायचा आणि मध्येच बेल वाजली की स्पायडरमॅनला चॉकलेट द्यायला पळायचं. कँपग्राउंडवाले हे सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरभर वीकेंडांना करतात, त्यामुळे आपल्याला सोयीचा वीकेंड धरता येतो. 2026 ला तर 31 तारीख शनिवारीच आहे, म्हणजे शेवटचा वीकेंड सोडून आधीचा घ्या, पोरांना दोन हॅलोवीन मिळतील.

आता प्रायव्हेटबद्दल. आम्ही गेलो ते लोकल होतं, कुठल्याच चेनचं नाही, नाव घेत नाही. पोरांना आवडलं का? प्रचंड. जंपिंग पिलो (हवा भरलेली, उड्या मारायची मोठी गादी), क्राफ्ट, कॉस्च्यूम परेड, दर तासाला काहीतरी चालूच. आणि सजावट बघून तर मीच येडा झालो. लोक आख्खा सीझन त्या साइटवर आरव्ही (राहायची सोय असलेली गाडी) लावून असतात, त्यांच्याकडे होम डेपोचा तो 12 फुटी सापळा (2020 पासून ज्याने देशभर लॉनवर ठाण मांडलंय तो) शिवाय फॉग मशीन, प्रोजेक्टर, आणि आपण आपले दोन भोपळे आणि डॉलर स्टोअरची कोळ्याची जाळी घेऊन. हाँटेड ट्रेल (घाबरवणारी पायवाट) होता, लहानांसाठी उजेड असताना वेगळी वेळ ठेवलेली, ते चांगलं केलं होतं त्यांनी. बाथरूम गरम, गरम पाणी भरपूर. पैसे स्टेट पार्कच्या दुपटीच्या वर गेले आणि दोन रात्री घ्याव्याच लागल्या, पण ते आधीपासून माहीत होतं, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार एकच. गोल्फ कार्ट.

ज्यांनी बघितलं नाही त्यांना हे फार वाटणार नाही. अंधार पडल्यावर ट्रिक-ऑर-ट्रीट सुरू झालं आणि लूपवर, म्हणजे साइटींमधून गोल फिरणाऱ्या त्या अरुंद रस्त्यावर, कार्टांची रांग लागली, प्रत्येकीला जांभळे नारिंगी एलइडी, मागे ब्लूटूथ स्पीकर, मागच्या सीटवर पाच-सहा पोरं उलटी बसलेली. स्पीड काही नसतो हो, माणूस जोरात चालेल तेवढाच. पण माझ्या पोराने घातलेला मास्क, त्यातून त्याला समोरचं जेमतेम दिसत होतं, बाजूचं काहीच नाही, आणि इलेक्ट्रिक कार्टला आवाजही नसतो. त्यामुळे मी पूर्ण वेळ एक हात त्याच्या केपला आणि एक हात धाकटीच्या हुडला धरून "बाजूला हो, बाजूला हो" करत चालत होतो. बायको आमच्या साइटवर, कारण वाटायला कुणीतरी बसावंच लागतं, तो नियम दोन्हीकडे सारखाच.

बरं तेही चालवून घेतलं असतं. पण कार्टवाली पोरं उतरणार, मूठभर उचलणार, परत चढणार, पुढची साइट. सगळा लूप त्यांचा आमच्या आधी होऊन जायचा. आम्ही पायी पोचेपर्यंत टेबलावर रिकामा बोल आणि लाइट बंद, म्हणजे संपलं. एका बाईंना फार वाईट वाटलं, त्यांनी आत जाऊन शोधून धाकटीला ग्रॅनोला बार आणून दिला. शेकडो साइट आणि तरी आमच्या बादलीत अर्धं. आणि कार्ट भाड्याने घ्यावी म्हटलं तर ऑफिसात सांगितलं की हॅलोवीन वीकेंडच्या कार्ट केव्हाच बुक होऊन गेल्यात. म्हणजे तिथे पायी चालणाऱ्याचं हॅलोवीन वेगळं आणि कार्टवाल्याचं वेगळं, हे काही ब्रोशरमध्ये लिहिलेलं नसतं. सगळीकडे असंच असेल असं मी म्हणत नाही, पायी लोकांसाठी वेगळी वेळ ठेवणारी कँपग्राउंडही असतील. बुकिंगच्या आधी फोन करून हे एक विचारा, बाकी काही नाही विचारलं तरी चालेल.

स्टेट पार्कात आम्ही गेलो तिथे गोल्फ कार्ट दिसलीच नाही. सगळे पायी, नाहीतर सायकलवर. ट्रिक-ऑर-ट्रीट दुपारी, उजेडात, पोराने त्यावर कुरकुर केली की "हे कसलं हॅलोवीन, ऊन आहे", आणि त्याचं बरोबरच होतं, भीतीचा मामला निम्मा होतो. साइट कमी, सजावट साधी, हवेने फुगणारं इन्फ्लेटेबल लावायचं तर वीज असलेली साइटच घ्यावी लागते. पण बादली भरली! लोक खुर्च्या टाकून बसलेले, तू कोण झालास, केप कोणी शिवली, अशी दोन मिनिटं प्रत्येक साइटवर. धाकटीला मी रस्त्यावर मोकळं सोडू शकलो, हे मला वाटतं सगळ्यात मोठं. दोघांनी आळीपाळीने साइटवर बसायचं ठरवलं आणि खरंच जमलं, कारण एकट्या माणसाला दोन पोरं सांभाळता येत होती.

रात्री पार्कच्या एज्युकेटरबाईंनी घुबडांसाठी छोटा वॉक काढला होता. त्यांनी स्क्रीच आउलची ती थरथरती शीळ वाजवली, थोडा वेळ काहीच नाही, मग झाडीतून खरंच उत्तर आलं आणि मुलगा जो घट्ट चिकटला मला, तेवढा तो प्रायव्हेटच्या त्या चेनसॉवाल्या हाँटेड ट्रेलवर पण चिकटला नव्हता. दरवेळी घुबड उत्तर देईल याची गॅरंटी नाही अर्थात.

स्टेट पार्कचे तोटे सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहितोय. रात्री बाथरूमला चालत जायचं, थंडीत, झोपलेलं पोर उठवून, हे सुखाचं नाही. पाऊस आला तर प्रायव्हेटला हॉल असतो, इथे टेंटमध्ये पत्ते. तंबू नकोच असेल तर पेनसिल्व्हेनियाच्या बऱ्याच पार्कांत कँपिंग कॉटेज आणि यर्ट (गोल, तंबूसारख्या खोल्या) आहेत, पाच जण झोपतील एवढी, आत लाइट आणि हीटर, लहान पोरांबरोबर ऑक्टोबरात मी तेच घेईन. पण ती पटापट जातात. बुकिंग 11 महिने आधी उघडतं, म्हणजे यंदाच्या हॅलोवीनची गोडी तोंडात असतानाच पुढच्याचं बुक करून टाकायचं. आणि दारू पार्कात चालत नाही, आम्हाला फरक पडत नाही, तुमच्या ग्रुपला पडत असेल तर बघा.

दोन्हीकडे लागू पडणाऱ्या बारीकसारीक गोष्टी: कॉस्च्यूम एक साइज मोठा घ्या, आत थर्मल आणि फ्लीस जाईल असा, नाहीतर एल्साचा ड्रेस जॅकेटखाली झाकून जातो आणि मग रडारड. सरपण घरून नेऊ नका, तिथलंच घ्या, त्या लँटर्नफ्लाय नावाच्या, झाडांचं नुकसान करणाऱ्या किडीची भानगड आपल्याच बर्क्स काउंटीतून 2014 ला सुरू झाली आणि ती अंडी घालते नेमकी शरद ऋतूत, लाकडावरच नाही तर खुर्च्या-ताडपत्रीवर पण, तेव्हा निघताना खुर्च्या उलट्या करून बघा. शाकाहारी असाल तर साधा मार्शमॅलो आणि बहुतेक कँडी कॉर्न दोन्हींत प्राण्यांपासूनचं जिलेटिन असतं, व्हेगन मार्शमॅलो घरून न्या. आम्ही निखाऱ्यात रताळी पण टाकतो, तूप-मीठ लावून, शेजारचे लोक येऊन चाखून जातात. वाटायला चॉकलेटसोबत ग्लो स्टिक, स्टिकर असं पण ठेवा, अ‍ॅलर्जीवाली पोरं बरीच असतात, टेबलावर मोरपंखी रंगाचा भोपळा दिसला की त्यांच्या आईबापांना कळतं इथे खाण्याशिवायचं काहीतरी आहे.

तर मी काय निवडेन ते एव्हाना कळलंच असेल. तरी, पोरं दहाच्या पुढची असतील, बरोबर तीन-चार फॅमिली असतील आणि कुणीतरी उन्हाळ्यातच कार्ट बुक करून ठेवली असेल, तर प्रायव्हेटला जा, मजा येईल. फक्त त्या कार्टवरून जाताना मागून चालत येणाऱ्यांसाठी बोलमध्ये थोडं ठेवा.