आडवी झालेली टूरिंग बाईक: दुरुस्ती करून काही महिने चालवल्यावर काय टिकलं, काय नाही

पार्किंगमध्ये, यू टर्न घेताना किंवा उतारावर स्टँड लावताना टूरिंग बाईक आडवी झाली की खर्चाची यादी ठरलेली असते: लिव्हर, आरसा, इंडिकेटर आणि सगळ्यात महाग म्हणजे फेअरिंगचं, म्हणजे बाहेरच्या प्लास्टिक कवचाचं, अख्खं पॅनेल. पॅनेल कशासाठी? तर त्याचा एक कान, म्हणजे स्क्रूचं भोक असलेली मागची पट्टी, तुटलाय म्हणून. समोरून रंग शाबूत, फार तर एक ओरखडा, आणि मागच्या बाजूचा दोन-अडीच मिलिमीटर जाडीचा फायबरचा (गॅरेजच्या भाषेत प्लास्टिकचा) कान गेलेला. सुटा कान पार्ट म्हणून मिळत नाही. एवढ्याशा तुकड्यासाठी रंगवलेलं पूर्ण पॅनेल घ्यायला लावणं मला पटत नाही, म्हणून हा मजकूर कानावरच जास्त आहे. फायबर सोडून बाकीचं आधी थोडक्यात.

बाईक उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधी साइड स्टँड बाहेर काढायचा आणि गिअर पहिल्यात टाकायचा, नाहीतर उभी झालेली बाईक तशीच दुसऱ्या बाजूला जाते. उभी केल्यावर चावी बंद करून पुन्हा चालू करावी लागते. आडवी झाल्याचं ओळखणारा सेन्सर इंधन पंप बंद करतो, आणि बऱ्याच गाड्यांमध्ये चावी फिरवल्याशिवाय तो सुटत नाही. इथे नुसता स्टार्टर दाबून लोक बॅटरी उतरवतात. स्टार्ट करण्याआधी काही मिनिटं थांबून ऑइलची पातळी बघायची. बराच वेळ आडवी राहिली असेल तर ब्रीदरमधून (इंजिनची वाफ सोडणाऱ्या नळीतून) ऑइल एअरबॉक्समध्ये, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्यात, गेलेलं असतं. थोडा निळसर धूर निघून थांबला तर काळजी नाही. स्टार्टर फिरता फिरता ठप्पकन अडला तर मात्र जबरदस्ती नको. प्लग काढून सिलिंडरमध्ये ऑइल किंवा पेट्रोल साचलंय का ते आधी पाहायचं.

ब्रेक लिव्हर वाकली तर बदलायची, यात काटकसर नाही. ओतीव अॅल्युमिनियम थंड असताना सरळ केलं की बाहेरून न दिसणारी चीर पडते, आणि ती उघडते नेमकी जोरात ब्रेक दाबताना. क्लच लिव्हर थोडी वाकलेली असेल तर घरी पोचेपर्यंत चालते. नवी लावताना तिच्या ब्रॅकेटचे बोल्ट इतकेच आवळायचे की रोजच्या वापरात ती हलणार नाही, पण तळहाताने जोर दिला तर हँडलवर फिरेल. पुढच्या वेळी तुटण्याऐवजी फिरते. लिव्हरसोबत बार-एंडकडेही, म्हणजे हँडलच्या टोकावरच्या वजनाकडेही, बघायला हवं. पडताना तो आत ढकलला जातो आणि थ्रॉटलची मूठ त्याला घासू लागते. मूठ आणि बार-एंड यांच्यात एक-दोन मिलिमीटर फट पाहिजे, आणि हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून दोन्हीकडे थ्रॉटल सोडल्यावर झटकन मागे आला पाहिजे. हे न तपासता रस्त्यावर जायचं नाही. आरसा नवा बसवणार असाल तर काही बाइकवर उजव्या आरशाचे आटे उलटे असतात, ते आधी बघून घ्यायचं.

गिअर लिव्हर आत वाकून इंजिनच्या कव्हरला टेकते. ती जागेवरच पाइप घालून ओढायची सवय फार वाईट. लिव्हरबरोबर गिअर शाफ्ट वाकतो, मग ऑइल सील गळायला लागतं आणि दहा मिनिटांचं काम इंजिन उघडण्यापर्यंत जातं. बोल्ट काढायचा, लिव्हर शाफ्टवरून सोडवायची, वाइसमध्ये धरून सरळ करायची. परत बसवताना शाफ्टवरची खूण जुळवली की संपलं.

हँडल तिरकं दिसतंय म्हणून लगेच हँडल किंवा शॉकअप वाकले असं समजायचं कारण नाही. हळू वेगात पडलेल्या गाडीत बहुतेक वेळा शॉकअपच्या नळ्या टीमध्ये, म्हणजे त्यांना वर-खाली धरणाऱ्या क्लॅम्पमध्ये, फिरलेल्या असतात. पुढच्या चाकाच्या अॅक्सलचे चिमटा बोल्ट, मडगार्डचे बोल्ट आणि खालच्या टीचे बोल्ट ढिले करायचे, चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ फिरवायचं, मग पुढचा ब्रेक दाबून शॉकअप पाच-सहा वेळा खालीवर करायचे आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळायचं. दोन्ही नळ्यांवर आडवी काच ठेवली आणि ती एका कोपऱ्यात डगमगली नाही, तर काम झालं. हँडलचे राइजर (हँडल ज्यावर बसतं ते खांब) रबरात बसवलेले असतील तर त्यांचेही बोल्ट ढिले करून रबर पूर्ववत बसू द्यायचं. हे सगळं केल्यापासून बाईक हात सैल सोडूनही सरळ जातेय, या भागाबद्दल तक्रार नाही.

आता फायबर.

पॅनेलच्या मागच्या बाजूला दोन टोकदार कंसांत प्लास्टिकची जात छापलेली असते. एबीएस लिहिलेलं असेल तर निम्मं काम सोपं, कारण एबीएस अॅसिटोनमध्ये विरघळतं आणि तुटलेला भाग खऱ्या अर्थाने एकजीव करता येतो. पीपी (पॉलिप्रॉपिलीन) असेल तर अॅसिटोन काहीच करत नाही, कुठलाही साधा गोंद धरत नाही, आणि त्याच जातीची काडी वितळवून वेल्ड करण्याशिवाय मार्ग नाही. आतले मडगार्ड आणि खालची काळी, न रंगवलेली कव्हरं बरेचदा पीपीची असतात. पीसी (पॉलिकार्बोनेट) आणि एबीएस यांचं मिश्रण लिहिलेलं असेल तर अॅसिटोन जपून, कारण पॉलिकार्बोनेटला त्याने बारीक भेगा जातात. खूण वाचण्याआधी गोंद उघडू नये.

इन्स्टंट ग्लू कानासाठी निरुपयोगी आहे. जोड कडक होतो, कानाला मात्र थरथर सोसायची असते, त्यामुळे पहिल्या खराब रस्त्याला सुटतो. शिवाय आजूबाजूला पांढरी झाक येते आणि पुढच्या चांगल्या जोडासाठी ते सगळं घासून काढावं लागतं. दोन ट्यूबचा इपॉक्सी सपाट, रुंद जागेवर ठीक. कानाच्या मुळाशी तो सोलून निघतो.

गरम स्टेपल, म्हणजे स्टीलच्या नागमोडी तारा फायबरमध्ये वितळवून बसवणं, हे दुरुस्तीनंतर पहिल्या दिवशी सगळ्यात भक्कम वाटलं होतं. दोन हातांनी ओढूनही जोड हलत नाही. त्या दिवशी लिहिलं असतं तर पूर्ण गुण गेले असते. काही महिन्यांनी पॅनेल काढलं तेव्हा मूळ चीर तशीच बंद होती, पण स्टेपलची टोकं जिथे संपतात तिथून तिच्या शेजारी नवी चीर सुरू झालेली. स्टील वाकत नाही, फायबर वाकतं, सगळा ताण टोकापाशी गोळा होतो. त्यात तार जास्त गरम केली की भोवतीचं फायबर जळून ठिसूळ होतं.

म्हणून गाडीच्या दुसऱ्या बाजूला एबीएसची पेस्ट वापरली. कृती अशी: त्याच जातीच्या तुटक्या पॅनेलचे नखाएवढे तुकडे काचेच्या बरणीत घ्यायचे, ते जेमतेम बुडतील इतकं अॅसिटोन ओतायचं, झाकण लावून रात्रभर ठेवायचं. सकाळी ढवळल्यावर मधाइतकं घट्ट झालं पाहिजे. पातळ राहिलं तर आणखी तुकडे टाकायचे. बरणी प्लास्टिकची नको. खिडक्या उघड्या, जवळ ज्योत नाही, आणि बाहेरच्या रंगाला थेंब लागू द्यायचा नाही, रंग लगेच उठतो.

चीर जिथे संपते तिथे दोन मिलिमीटरचं भोक पाडायचं, म्हणजे ती पुढे धावत नाही. मागच्या बाजूने चिरेवर व्ही आकाराची खाच, जाडीच्या सुमारे दोन तृतीयांश खोल. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने दोन्ही बाजूंना बोटभर जागा खरबरीत करायची, साबणाने धुवायची, वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. सिलिकॉन पॉलिशचा अंश राहिला तर पुढची मेहनत वाया. मग पुढून मास्किंग टेपने भाग जुळवून धरायचा, खाचेत नुसतं अॅसिटोन ब्रशने लावायचं, पृष्ठभाग चिकट झाला की पेस्ट. एकदम जाड थर देऊ नये, कारण अॅसिटोन उडताना पेस्ट आकसते आणि आत बुडबुडे राहतात. तीन-चार पातळ थर, दोन थरांत काही तास. दुसऱ्या थरावर स्टेनलेसची बारीक जाळी सोल्डरिंग आयर्नने हलकेच दाबून बसवायची, आणि ती कानाच्या मुळापासून पॅनेलच्या सपाट भागावर किमान दोन सेंटिमीटर पुढे जाऊ द्यायची. जाळी सगळीकडे सारखी वाकते, स्टेपलसारखं टोक करत नाही. शेवटच्या थरानंतर ४८ तास हात लावायचा नाही. २४ तासांत वरून कडक वाटतं, आतून मऊ असतं.

कान पूर्ण हरवला असेल तर जुन्या पॅनेलचा तुकडा कापून, भोक आधी न पाडता, असाच चिकटवायचा. भोक सगळं वाळल्यावर पॅनेल गाडीवर धरून, खरी जागा बघून पाडायचं.

खालच्या पॅनेलचे जोड या पद्धतीने आजही नव्यासारखे आहेत. पण आरशाजवळचा वरचा कान, तीच पेस्ट, तीच जाळी असून पुन्हा तुटला. इथे मत बदलावं लागलं, कारण दोष पेस्टचा नव्हता. आरशावर आलेला भार फेअरिंग पॅनेलवर थांबत नाही, तो हेडस्टॉकला (फ्रेमच्या पुढच्या, हँडल ज्यात फिरतं त्या नळीला) बोल्ट केलेल्या फेअरिंग स्टेवर, म्हणजे फेअरिंग धरणाऱ्या धातूच्या चौकटीवर, जातो. स्टे चार मिलिमीटर आत सरकला होता. सर्व्हिसमध्ये पॅनेल जुळत नाही म्हटल्यावर तिथे लांब स्क्रू घालून ते ओढून बसवलेलं. म्हणजे गाडी उभी असतानासुद्धा कान ताणाखाली, आणि चालताना त्याच ताणावर थरथर. अशा कानाला जगातला कुठलाही जोड पुरणार नाही. स्टेपलला वर दिलेला दोष त्यामुळे थोडा कमी करतो. टोकापाशी चीर येण्याचा त्यांचा स्वभाव खरा, पण इतक्या लवकर ती ताणामुळे आली.

स्टे तपासायला अवजार लागत नाही. पॅनेलचे सगळे स्क्रू काढायचे, पॅनेल नुसतं जागेवर टेकवायचं आणि भोकं आपोआप समोरासमोर येतात का ते बघायचं. प्रत्येक स्क्रू पहिले दोन-तीन आटे बोटांनी फिरला पाहिजे. नाही फिरला तर तिथेच थांबायचं. मग फ्रेमवरच्या मधल्या एका पक्क्या जागेपासून, समजा हेडस्टॉकच्या वेल्डपासून, डाव्या आणि उजव्या आरशाच्या बोल्टपर्यंत टेपने माप घ्यायचं. हँडलपासून माप घेऊ नये, ते स्वतःच तिरकं असू शकतं. दोन मिलिमीटरपर्यंतचा फरक रबर ग्रोमेट (स्क्रूच्या भोकात बसणारी रबरी कडी) सांभाळून घेतं. त्यापुढे स्टे काढावा लागतो. स्टीलच्या नळीचा असेल तर वाइसमध्ये धरून लांब पाइपने बेंड निघतो, अर्थात गाडीवरून काढूनच. ओतीव अॅल्युमिनियमचा असेल तर वाकवायचं नाही, बोल्टच्या भोकाभोवती चीर शोधायची आणि सापडली तर बदलायचा. सगळं पॅनेल बदललं असतं तरी वाकड्या स्टेवर नव्या पॅनेलचा तोच कान गेला असता. यादी लिहिताना स्टेचं माप कुणीच घेत नाही, याचा मला राग येतो.

स्टे सरळ करून तोच कान पुन्हा पेस्ट आणि जाळीने जोडला, रबर ग्रोमेट नवे घातले. खड्डे, पाऊस, दोन्ही बॉक्स भरून प्रवास, सगळं झालं. जोडावर नखाने फिरवून चीर लागत नाही. स्क्रू मात्र लॉकिंग लिक्विड लावून बसवू नयेत. ते फायबरला लागलं की काही दिवसांत स्क्रूभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. ढिले होण्याची भीती असेल तर खाली नायलॉन वॉशर.

क्रॅश गार्डने इंजिनचं कव्हर वाचवलं. पण तो इंजिनच्या माउंटवर बसलेला असतो, त्यामुळे वाकला असेल तर लांब बोल्ट काढून सपाट काचेवर लोळवून बघायचा. बोल्ट वाकडा असेल तर बदलायचा. बोल्ट काढण्याआधी इंजिनखाली जॅकचा हलका आधार, नाहीतर भोकं सरकतात आणि परत घालताना आटे जातात. गार्डची नळी एकदाच सरळ होते. दुसऱ्यांदा वेल्डजवळ सुटते. जागेवर पाइप घालून सरळ करणं नकोच, जोर थेट फ्रेमच्या कानांवर येतो.

अॅल्युमिनियमच्या साइड बॉक्सचा चेपलेला कोपरा आतून लाकडी ठोकळा आणि बाहेरून रबरी हातोडी वापरून बराच निघाला, पण झाकणाची कड अजून एका कोपऱ्यात उठलेली आहे. आत वर्तमानपत्र पसरून बाहेरून पाइपने पाणी मारलं की गळती नेमकी कुठे ते ओल्या डागावरून कळतं. बॉक्स ज्यावर बसतो त्या रॅकचे कर्ण मोजले तर तीन मिलिमीटर फरक निघाला. रॅक सरळ होईपर्यंत झाकणाचं रबर बदलण्यात अर्थ नाही, म्हणून सध्या तिथे आत वॉटरप्रूफ पिशवीच वापरतोय.