डेटा त्यांच्याकडे नव्हताच, तरी पैसे घेतले

आमच्या दूध संस्थेचा सगळा हिशेब मोबाइल अ‍ॅपवर चालायचा. लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक), दर दहा दिवसांचं बिल, सगळं क्लाउडवरच्या मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये. अ‍ॅप करून देणारी कंपनी ‘डेटाबेस सिक्युरिटी’ म्हणून दरवर्षी वेगळे पैसे घ्यायची.

एके दिवशी सकाळच्या संकलनाला अ‍ॅपमध्ये एकाही उत्पादकाचं नाव दिसेना. डेटाबेस उघडला तर सगळी टेबलं गायब, फक्त ‘वॉर्निंग’ नावाचं एक नवं टेबल. त्यात एवढंच: तुमचा डेटा आमच्याकडे सुरक्षित आहे, या पत्त्यावर बिटकॉइन पाठवा. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, “भरून टाका साहेब, हे लोक डेटा परत देतात.” बिलवाटप तोंडावर आलेलं. चेअरमननी पैसे भरले. डेटा आला नाही, मेलला उत्तरही नाही.

नंतर माझ्या मावसभावाने क्लाउडच्या खात्यात सर्व्हरचा नेटवर्क ग्राफ काढून दाखवला. डेटाबेस काही जीबींचा आणि त्या रात्री सर्व्हरमधून बाहेर गेलेला डेटा जेमतेम काही केबी! कॉपी केलीच नव्हती, नुसतं पुसलं होतं. ही पद्धत जुनी आहे. जानेवारी 2017 मध्ये पासवर्ड नसलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस असेच पुसले गेले आणि पुढच्याच महिन्यात मायएसक्यूएलची पाळी आली. तेव्हाही पैसे भरून अनेकांना काहीच मिळालं नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर कुणाचंही न ऐकता आधी तो ग्राफ बघा.

मला जास्त चीड आली ती कंपनीची. 3306 पोर्ट, म्हणजे मायएसक्यूएलचा नेहमीचा दरवाजा, अख्ख्या जगाला उघडा होता. सगळे अधिकार असलेल्या रूट युझरला कुठल्याही आयपीवरून (इंटरनेट पत्त्यावरून) लॉगिन करायची मुभा होती आणि त्याचा पासवर्ड अ‍ॅपमध्येच लिहिलेला, म्हणजे एपीके (अ‍ॅपची फाइल) उघडून बघणाऱ्या कुणालाही दिसेल असा. ‘सिक्युरिटी’ म्हणून जे एसएसएल (जाता-येता डेटा एनक्रिप्ट करणारी सोय) दाखवलं जायचं ते संस्थेच्या वेबसाइटचं. अ‍ॅप आणि डेटाबेसमधला रस्ता उघडाच होता.

तुमचं अ‍ॅप असं बाहेरून करून घेतलेलं असेल तर ऑफिसबाहेर, मोबाइल डेटावरून सर्व्हरचा 3306 पोर्ट लागतो का ते जाणकाराकडून तपासून घ्या. लागला तर आजच फायरवॉलमध्ये बंद करायला सांगा. अ‍ॅपने थेट डेटाबेसशी बोलायचंच नाही, मध्ये एपीआय (अ‍ॅपची मागणी घेऊन डेटाबेसशी बोलणारा सर्व्हरवरचा प्रोग्राम) हवा. एपीआय आणि डेटाबेस वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर एसएसएच टनेल किंवा टीएलएस हवं (दोन्ही मधला रस्ता एनक्रिप्ट करतात), आणि टीएलएस असेल तर सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र, खरंच पडताळलं जातंय का हेही विचारा. सेटिंगमध्ये नुसतं ‘रिक्वायर्ड’ (एनक्रिप्शन सक्तीचं) ठेवलं तर समोरचा सर्व्हर आपलाच आहे का याची खात्री होत नाही. अ‍ॅपच्या युझरला टेबल उडवायचा अधिकार नको. बॅकअप दुसऱ्या खात्यात ठेवा.

आमचा हिशेब उत्पादकांनी जपून ठेवलेल्या दुधाच्या पावत्यांवरून पुन्हा भरला जातोय. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. कंपनी ‘सर्व्हर फॉरमॅट करून नवा देतो’ म्हणून मागे लागली होती. आम्ही हात लावू दिला नाही, कारण सगळे लॉग (सर्व्हरवर काय काय झालं त्याच्या नोंदी) त्यातच आहेत.