नर्मदेच्या नळाला आरओ हवा की यूव्ही?

राजेंद्रनगरातल्या एका वहिनींना प्रश्न पडलाय: घरच्या पाण्यासाठी आरओ (पडद्यातून गाळून क्षार काढणारा) फिल्टर घ्यावा की यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारा)? इंदूरमध्ये याचं उत्तर पाणी कुठून येतं यावर ठरतं. नर्मदेचं पाणी मुळात गोडं, बोरिंगचं जड. बऱ्याच घरांत दोन्ही एकाच हौदात मिसळतात, म्हणून शे-दोनशेचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आणून स्वयंपाकघरातल्या नळाचंच पाणी मोजा, आणि मे महिन्यात पुन्हा मोजा. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक.

यूव्ही दिव्याच्या किरणांनी जंतू मारतो, क्षार मात्र तसेच राहतात. पाणी गढूळ असेल तर जंतू कणांआड वाचतात, म्हणून आधीचा धाग्याचा फिल्टर पावसाळ्यात पिवळा पडला की लगेच बदलायचा. दिव्याचं वर्ष भरलं की तोही बदलायचा. निळा उजेड दिसत राहतो, पण जंतू मारायची ताकद गेलेली असते. दिव्याभोवतीच्या काचेच्या नळीवर पांढरा थर बसला तरी तेच होतं.

आरओ क्षार काढतो, पण एक लिटरमागे साधारण दोन-तीन लिटर पाणी वाया घालवतो. ते बादलीत धरून फरशीला वापरावं. मेंब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा आतला पडदा, दोन-तीन वर्षांत जातं आणि तोच मोठा खर्च. साठवणीची टाकी असल्यानं वीज गेली तरी प्यायला पाणी मिळतं. बिनटाकीच्या यूव्हीत ती सोय नाही.

नुसती नर्मदा असेल तर यूव्हीच घ्या, आरओ लावून चांगलं पाणी फुकट घालवू नका. बोरिंग असेल, आकडा ५०० च्या वर जात असेल, तर आरओ.