सोळा वेळा स्कॅन म्हणे! 23,000 रुपये आणि सहा फ्रेम

बाबांच्या 23 रोलच्या निगेटिव्ह एका दुकानदाराकडं स्कॅन करायला दिल्या आणि 23,000 रुपयांना बुडालो. रोलमागे 800, वर ‘नॉइज काढायचे’, म्हणजे स्कॅनर उमटवतो ते खोटे ठिपके घालवायचे, 200. निम्मे आधी फोनवरून पाठवले, निम्मे रोख दिले. पावती मागितली नाही. 31 वर्षं पतसंस्थेत दुसऱ्यांच्या पावत्या तपासल्या त्या माणसानं, हे आता घरात रोज ऐकतोय.

अगदीच अडाणी होतो असंही नाही. एकच फ्रेम अनेकदा स्कॅन करून सरासरी काढली की स्कॅनरचा नॉइज उतरतो, 16 वेळा केली तर चौथाईवर येतो, हे मला माहीत होतं. दुकानदार बरोबर तेच बोलला, म्हणूनच भुललो. पुढं म्हणाला, “काका, ग्रेन औषधालासुद्धा राहणार नाही.” तिथंच उठायला हवं होतं! ग्रेन, म्हणजे चित्रातले बारीक कण, फिल्ममध्येच असतो, 16 काय 100 वेळा स्कॅन करा, तिथंच राहणार. वर म्हणे ओरखडे इन्फ्रारेडनं काढतो. अहो, ओर्वो कंपनीची कृष्णधवल फिल्म ती, तिच्यातली चांदीच इन्फ्रारेड अडवते, मग चित्रच ओरखडा ठरतं. हे मी स्वतः दुसऱ्यांना सांगत फिरलोय. पण समोर बाबांच्या 1981 च्या तंबाखू आंदोलनाची पट्टी उजेडाला धरलेली, पुणे-बंगळूर रस्त्यावर बसलेले शेतकरी दिसत होते. डोकं चाललं नाही.

तीन दिवसांत पेनड्राइव्ह हातात. 23 गुणिले 36, म्हणजे 828 फ्रेम. सोळा फेऱ्यांना फ्रेममागे दहा मिनिटं धरली तरी 138 तास होतात. तीन दिवसांत तास 72! हा हिशेब मी रात्री अंथरुणात केला, पैसे देऊन झाल्यावर.

फाइल 90 एमबीच्या, टिफ, म्हणजे तपशील न दाबता ठेवायचा प्रकार. मोठी करून पाहिली तर शेतकऱ्यांचे चेहरे मेणाचे, पटक्यांच्या घड्या पुसलेल्या, आभाळात जेपेगचे, म्हणजे फोटो दाबून लहान केल्यावर उमटणारे, चौकोन. एका फ्रेमच्या कोपऱ्यात तीन काळी वर्तुळं दिसली. आधी डाग वाटले. ते त्याच्या मोबाइलचे कॅमेरे होते! फिल्मच्या चकचकीत पाठीवर पडलेलं प्रतिबिंब, निगेटिव्हचं पॉझिटिव्ह केल्यावर काळं झालेलं. स्कॅनर त्याच्याकडं होता की नाही, देव जाणे. फाइलच्या आकारावर कधी जाऊ नका, फुगवता येतो. नमुन्याची फाइल मागा आणि ती सफाई न केलेली, कच्चीच मागा.

आता पोलीस. दुकान सीमेपलीकडं, मी निपाणीचा. इथले साहेब म्हणाले, “ते महाराष्ट्रात येतंय, तिकडं जावा.” तिकडचे म्हणाले, पैसे कर्नाटकातून गेलेत. परत इथं आलो तर अर्ज कन्नडमध्ये पाहिजे. 150 रुपये देऊन लिहून घेतला, तेव्हा साहेब बंदोबस्ताला गेलेले. चार खेपा झाल्या. पाचव्या खेपेला एक हवालदार हसून म्हणाला, “फोटोच की हो, काय सोनं हाय?” गुन्हा कुठंही घडो, 1 जुलै 2024 पासून कुठल्याही ठाण्यानं तक्रार नोंदवून घ्यायची असते. हे मी सांगितलं तर मलाच विचारतात, वकील आहात का? सीमाभागात राहायचं म्हणजे दोन्ही राज्यांनी पाठ दाखवायची, दुसरं काय.

तुम्ही असे हेलपाटे घालू नका. फोनवरून पैसे गेले असतील तर 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच कळवा. मी लाजेपायी अकरा दिवस गप्प बसलो. ग्राहक आयोगात राहत्या जिल्ह्यातूनच तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

आणि निगेटिव्ह देताना पट्ट्या मोजून वहीत लिहा, त्याची सही घ्या. मी घेतली नाही. सातव्या रोलची दुसरी पट्टी परत आलीच नाही, आंदोलनाच्या सहा फ्रेम. परवा फोन लागला. “शोधतो काका,” म्हणाला, आणि जुने अल्बम असतील तर तेही पाठवा म्हणाला.