फाइल सापडेना म्हणून हेल्पलाइनला फोन केला आणि 82,997 रुपये गेले

82,997 रुपये. आकडा आधीच लिहून टाकते, कारण गेले तीन आठवडे मी तो कमी करून सांगत आलेय. सासूबाईंना आठ हजार सांगितले, भावाला चाळीस.

मी मुलुंड पूर्वेला राहते. 19 वर्षं एका कंपनीत अकाउंट्स सांभाळले. टॅली आणि एक्सेल माझ्या हातातले. शिवाय आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. हे मुद्दाम सांगते, कारण "तुम्हाला कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नसेल" हे वाक्य मी बँकेत ऐकलं, पोलीस स्टेशनात ऐकलं आणि घरीही ऐकलं. मला कळतं. तरीही फसले.

13 सप्टेंबर 2025, शनिवार. वार्षिक सभा 28 तारखेला ठरलेली. 14 दिवस पूर्ण धरायचे तर नोटीस त्याच दिवशी बोर्डावर लागायला हवी होती, आणि तिच्यासोबत 2019 च्या गच्चीच्या गळतीचं कोटेशन जोडायचं होतं. फाइल लॅपटॉपमध्ये आहे हे नक्की माहीत, पण सर्चमध्ये काहीही टाकलं तरी पांढरी पाटी. जी एक्सेल शीट समोर उघडी होती, तिचं नाव टाकलं तरी तेच. दोनदा रीस्टार्ट केलं. मग इंटरनेटवर "विंडोज सर्च चालत नाही हेल्पलाइन" असं टाकलं. पहिल्याच निकालात निळा लोगो, टोल फ्री नंबर. बाजूला बारीक अक्षरात तो जाहिरातीचा शब्द होता. आज तो मला लख्ख दिसतो.

तो मराठीत बोलला. "ताई, घाबरू नका, पाच मिनिटांत करून देतो." हिंदीत किंवा इंग्रजीत बोलला असता तर मी चार प्रश्न विचारले असते. "ताई" म्हटल्यावर मी सैल पडले.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. स्क्रीन दुसरीकडून चालवायचं ॲप, त्याचा नंबर सांगणे, मग माऊसचा बाण आपोआप हलायला लागणे. पण एक जागा नीट सांगते, कारण तीच मला रात्री झोपू देत नाही.

त्याने इव्हेंट व्ह्यूअर उघडलं, म्हणजे विंडोज जिथे स्वतःच्या घडामोडींच्या नोंदी ठेवतं ती यादी. लाल खुणांची रांगच्या रांग. "बघा ताई, 312 एरर. कोणीतरी तुमच्या सिस्टिममध्ये शिरलंय, तेच तुमच्या फायली लपवतायत." मी वाचत होते. सगळ्यात वरची लाल ओळ होती कर्नल पॉवर, 41. तारीख 21 ऑगस्ट, वेळ रात्री 9:17. ती तारीख मला तोंडपाठ, कारण त्या रात्री आमच्या इमारतीचा मीटर बोर्ड जळाला आणि वायरमन शोधत मीच जिन्यावरून खालीवर करत होते. लाइट गेली आणि लॅपटॉप धाडकन बंद पडला, त्याची ती नोंद! जुन्या बॅटरीचा लॅपटॉप, प्लग लावूनच चालतो. मला हे तिथल्या तिथे समजलं. "अहो, त्या दिवशी लाइट गेली होती" हे शब्द ओठांवर आले होते. मी बोलले नाही. तो इतक्या आत्मविश्वासाने सांगत होता की मला वाटलं, मीच चुकत असेन. तिथे फोन ठेवला असता तर माझा एक रुपयाही गेला नसता.

त्या लाल खुणा प्रत्येक विंडोज कॉम्प्युटरमध्ये असतात. कालच विकत आणलेल्यातही सापडतील. कुणी त्या दाखवून घाबरवत असेल तर तो चोर आहे, फोन ठेवा.

1:05 ला यूपीआयने 1,499, "इंडेक्स दुरुस्ती"चे, म्हणजे सर्च ज्या फायलींच्या यादीवर चालतं तिच्या दुरुस्तीचे. मग तो म्हणाला, विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबरला संपतोय, तीन वर्षांचा प्लॅन घ्या. हे तर खरंच होतं, मी पेपरात वाचलं होतं. खऱ्यात खोटं असं मिसळतात. 1:31 ला 6,999 दिले. मग "1,499 दोनदा कापले गेलेत, रिफंड देतो, नेट बँकिंग उघडून बघा". मी पासवर्ड टाकला. मी स्वतः टाकला, हे कबूल करते. पण ओटीपी मी कुणालाही सांगितला नाही, कधीच सांगत नाही. त्याला विचारायची गरजच नव्हती. "बिल पाठवायला" म्हणून तेच ॲप त्याने माझ्या मोबाइलवरही टाकायला लावलं होतं. लॅपटॉपची स्क्रीन काळी झाली, "अपडेट चालू आहे" असं त्यावर, आणि मोबाइल पालथा ठेवायला सांगितला. मी ठेवला.

ह्यांनी जेवायला हाक मारली म्हणून उठले, तेव्हा मोबाइल सरळ केला. 2:31 चा मेसेज, 49,500 वजा.

वायफायची वायर उपटली आणि 2:38 ला बँकेच्या हेल्पलाइनला फोन लावला. इथे दुसरी चूक झाली, आणि ही कुणीही करेल. वायफाय बंद केलं, पण मोबाइलवरचं ॲप मोबाइल डेटावर चालूच होतं. आधी एरोप्लेन मोड. मग ॲप काढा. आणि फोन दुसऱ्याच्या मोबाइलवरून करा. बँक मला खात्यातली शिल्लक, कर्जाच्या ऑफर, भाषा निवडा असं सगळं ऐकवत होती, मध्ये गाणं वाजत होतं, आणि 2:52 ला अजून 24,999 गेले. मी फोन कानाला लावून उभी असताना! माणूस लाइनवर आला 3:04 ला.

रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक काढून वाचा. ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले तरी बँकेला कळवल्यानंतर जे जातात ते नुकसान बँकेचं. आणि कळवायची सोय 24 तास ठेवणं हे बँकेचं काम. माझ्या कॉल लॉगमध्ये 2:38 आहे. बँक म्हणते, तुमची तक्रार 3:04 ला "नोंद" झाली, म्हणून 24,999 सुद्धा तुमचेच. म्हणजे त्यांनी मला 26 मिनिटं ताटकळत ठेवलं त्याचे पैसेही मीच भरायचे? सोमवारी शाखेत गेले. दुसरा शनिवार आणि रविवार मध्ये गेलेच होते. काउंटरवरची मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली, "ओटीपी टाकल्याशिवाय ट्रान्झॅक्शन होतच नाही, मॅडम." आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. कॉल लॉगची प्रिंट घ्यायलाही तयार नव्हती. मी शिक्का मारून घेतल्याशिवाय हलले नाही. कुठलाही कागद द्याल तर पोच घ्याच.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, शनिवारीच फोन केला, चौथ्या प्रयत्नात लागला. तक्रार क्रमांक मिळाला, गेलेल्या पैशांतले 11,300 पुढच्या कुठल्यातरी खात्यात गोठवले गेले असं कळलं. तिथली बाई नीट बोलली, हे मान्य करायला हवं. त्यानंतर मात्र सगळा अंधार. पोलीस स्टेशनात पहिल्या दिवशी "आयटी ॲक्टचा तपास पीआय साहेबच करतात, ते कोर्टात गेलेत". कायद्यात तसं आहे, कलम 78, पण तक्रार लिहून घ्यायला काय अडचण होती? दुसऱ्या दिवशी "बँकेची शाखा घाटकोपरला ना, तिकडे जा". भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो. मी ते मोबाइलवर दाखवलं तर हवालदार म्हणाले, "ताई, एवढं वाचता तर मग फसलात कशा?" मागच्या बाकावरची दोन माणसं हसली. तिथून बाहेर पडून मी रिक्षा स्टँडपर्यंत रडत गेले. एफआयआर झाला सहाव्या दिवशी, तोही सोसायटीतले वकील सोबत आल्यावर. गोठवलेले 11,300 सोडवायला आता कोर्टाचा आदेश आणायचा आहे.

आता त्या फाइलचं. रविवारी तिसऱ्या मजल्यावरची डिप्लोमाला असलेली मुलगी आली. "काकू, तुमची सर्चची सर्व्हिसच बंद आहे." सर्व्हिसेसच्या यादीत विंडोज सर्च, त्यापुढे डिसेबल्ड. जूनमध्ये लॅपटॉप स्लो झाला म्हणून दुकानात दिला होता, हार्ड डिस्कवरचा ताण कमी करायला त्यांनीच ती बंद केली असणार. तिने ऑटोमॅटिक केली, स्टार्ट दाबलं. मग कंट्रोल पॅनलमधल्या इंडेक्सिंग ऑप्शन्समध्ये डी ड्राइव्ह यादीतच नव्हता, तो टाकला, ॲडव्हान्स्डमध्ये रीबिल्ड दाबलं आणि लॅपटॉप रात्रभर चालू ठेवायला सांगितला. सकाळी कोटेशन पहिल्याच अक्षरांना वर आलं. तिने हेही दाखवलं की डी ड्राइव्ह उघडून उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत नाव टाकलं असतं, तर इंडेक्सशिवायही, हळूहळू का होईना, फाइल सापडली असती. मी तिला शंभर रुपये देऊ केले, तिने घेतले नाहीत.

मायक्रोसॉफ्टच्या एररमध्ये फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की तो खोटा. लॅपटॉप पूर्ण फॉरमॅट केला, सगळे पासवर्ड दुसऱ्या मोबाइलवरून बदलले. तेही करा, नुसतं ॲप काढून भागत नाही.

बँकेला लेखी तक्रार 15 सप्टेंबरला दिली, 30 दिवस होताच रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार आहे. त्या 24,999 साठी तरी मी भांडणारच.

आणि परवा, शुक्रवारी, एक फोन आला. "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, 3,500 प्रोसेसिंग फी भरा." माझा तक्रार क्रमांक त्याला माहीत नव्हता, पण 82,997 हा आकडा त्याने बरोबर सांगितला. तो बेरजेचा आकडा एक तर त्या टोळीकडे आहे, नाही तर माझ्या तक्रारीच्या कागदावर. मी नंबर लिहून घेतला, फोन ठेवला आणि तो नंबर घेऊन परत त्याच पोलीस स्टेशनात गेले. साहेब कोर्टात गेले होते.