मोठं शुश्रूषा केंद्र की छोटं? वृद्धांसाठी निवड करताना काय ताडून पाहावं

वृद्ध शुश्रूषा केंद्रांची चौकशी करता करता बहुतेक कुटुंबांपुढे शेवटी दोन पर्याय उरतात. एक मोठं, 60-70 खाटांचं: मजल्यावर नर्सिंग स्टेशन, ऑक्सिजनची सोय, ठरलेल्या दिवशी डॉक्टरांची फेरी. दुसरं छोटं, 10-15 रहिवाशांचं, घरासारखं, जिथे सगळे सगळ्यांना नावाने ओळखतात. पहिल्यात शिरलं की वाटतं, इथे काही झालं तरी निभावून नेतील. दुसऱ्यात वाटतं, इथे माणूस एकटं पडणार नाही. दोन्ही समजुती अर्ध्याच खऱ्या ठरू शकतात. केंद्राचा खरा कस रात्री आणि सुट्टीच्या दिवशी लागतो, म्हणून तुलनाही तिथूनच सुरू करावी.

रात्रपाळीचं गणित

"एका अटेंडंटमागे किती रहिवासी?" असं विचारलं की सहसा दिवसपाळीचा आकडा सांगतात, आणि कधी त्यात स्वयंपाकी, सफाई कामगार, सुपरवायझरही मोजलेले असतात. त्यापेक्षा असं विचारा: काल रात्री या मजल्यावर कोण कोण होतं? त्यांतले रहिवाशांचं अंग पुसणारे, उठवणारे, बसवणारे किती? एक जण आला नाही तर बदली कोण येतं? मागच्या आठवड्याचं ड्यूटीचं वेळापत्रक दाखवायला सांगा.

मोठ्या केंद्राचा एक मजला घ्या. 30 रहिवासी, त्यांतले 12 अंथरुणाला खिळलेले, रात्री दोन अटेंडंट. दर दोन तासांनी कूस बदलायची असेल, तर डायपर बघून, ओलं असेल तर बदलून, चादर सारखी करून एका व्यक्तीमागे दोघांची साधारण 10 मिनिटं जातात. 12 जणांची 120 मिनिटं झाली, म्हणजे अख्खे दोन तास. शेवटच्या खाटेवरून उठेपर्यंत पहिल्या खाटेची वेळ झालेली असते. मधल्या काळात घंटा वाजली, कुणी स्वच्छतागृहाकडे एकटंच निघालं, तर जायला माणूस नाही. अशा ठिकाणी कूस बदलल्याच्या तक्त्यावर 10, 12, 2, 4 अशा नेमक्या वेळा एकाच पेनाने, एकाच हाताने भरलेल्या दिसल्या, तर तो तक्ता पहाटे एका बैठकीत भरला असावा असं खुशाल समजा. खऱ्या तक्त्यात 12:20, 2:35 अशा वेड्यावाकड्या वेळा आणि वेगवेगळ्या सह्या असतात.

छोट्या केंद्रात प्रमाण कागदावर छान दिसतं: 12 रहिवासी, एक अटेंडंट. पण एकट्या माणसाला जड शरीर उचलता येत नाही, तो ते ओढतो. ओढलं की कातडी चादरीला घासते, आतले थर सरकतात, आणि वृद्धांची पातळ त्वचा फाटते. शिवाय एक जण न्हाणीघरात पडला, तर उरलेल्या 11 जणांकडे बघायला कुणीच नाही. म्हणून छोट्या ठिकाणी विचारायचं ते हे की रात्री हाक मारल्यावर दुसरं माणूस किती मिनिटांत येतं, आणि ते त्याच इमारतीत झोपतं का.

त्वचा काय सांगते

काळजीचा दर्जा मोजायला बेडसोरइतकं, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने दाब येऊन होणाऱ्या जखमांइतकं, बोलकं दुसरं काही नाही. दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारा: गेल्या तीन महिन्यांत किती जणांना जखमा झाल्या, आणि त्यांतले किती जण त्या बाहेरून घेऊनच आले होते? चांगलं केंद्र आकडा सांगतं, जखम कितव्या टप्प्याची होती आणि पुढे काय केलं हेही सांगतं. खिळलेले रहिवासी बरेच असूनही "आमच्याकडे एकही नाही" असं ठासून सांगितलं, तर त्वचेच्या नोंदी मागा. कधी खरोखरच एकही जखम नसते. मग नोंदी दाखवायला अडचण नसते.

कर्मचाऱ्यांना माहीत असायला हव्यात अशा काही गोष्टी आहेत. माकडहाड, टाचा, कमरेची हाडं, कोपरं, कानाच्या कडा ही रोज बघायची ठिकाणं. लाल झालेली जागा बोटाने दाबून सोडली तर ती क्षणभर फिकी पडायला हवी. लालच राहिली, तर ती बेडसोरची पहिली पायरी. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, तिथे ऊब, घट्टपणा आणि दुखरेपणा हाताने तपासावा लागतो. कुशीवर ठेवताना पूर्ण न वळवता पाठीमागे उशी लावून 30 अंशांचा कल द्यायचा. टाचेखाली उशी न घालता पोटरीखाली घालायची, म्हणजे टाच अधांतरी राहते. लाल जागेवर चोळून मालिश करणं आणि मधे भोक असलेली गोल उशी वापरणं, दोन्ही नुकसानच करतात. भेटीत अशी गोल उशी दिसली, तर प्रशिक्षण जुनं आहे किंवा झालेलंच नाही.

मोठ्या केंद्रात हवेच्या गाद्या आणि ड्रेसिंग करणारी नर्स असते, ही त्यांची जमेची बाजू. पण हवेच्या गादीमुळे कूस बदलण्यातून सुटका होत नाही, आणि पंप बंद पडलेला किंवा गादी चेपलेली आढळणं मुळीच दुर्मीळ नाही. हात घालून बघा. छोट्या केंद्रात रोज तेच हात आंघोळ घालतात, त्यामुळे नवा डाग लवकर नजरेत येतो. त्या हातांना वरच्या गोष्टी ठाऊक असतील, तर त्वचेच्या बाबतीत छोटं केंद्र मोठ्याला सहज मागे टाकतं.

जेवण, पाणी, वजन

भेट जेवणाच्या वेळी ठेवा. मोठ्या केंद्रात ताटं एकदम येतात आणि ठरल्या वेळी उचलली जातात. गिळायला त्रास असलेल्या माणसाला भरवायला अर्धा तास लागतो. असे 10 जण आणि भरवणारे तिघे असतील, तर शेवटच्याची पाळी येईपर्यंत तासाहून जास्त वेळ गेलेला असतो. मग घाई होते, ठसका लागतो, अन्न श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनियाला निमित्त मिळतं. भरवणारी व्यक्ती समोर बसून, घास गिळला का बघून पुढचा देते, की उभ्या उभ्या चमचे कोंबते? माणूस ताठ बसवलेला आहे का, आणि जेवणानंतर किमान 30 मिनिटं तसाच ठेवतात का? छोट्या केंद्रात घाई कमी असते, आवडीनिवडी जपल्या जातात. मात्र कुणाला पातळ पदार्थ घट्ट करून द्यायचे हे तिथे एखाद्याच्याच डोक्यात असतं आणि ती व्यक्ती रजेवर गेली की चुका होतात. खाटेजवळ ते लिहिलेलं असावं.

आता तोंडाच्या स्वच्छतेकडे बघा. गालात अडकलेलं अन्न, न धुतलेली कवळी, सुकलेले ओठ. अस्वच्छ तोंडातले जंतूच फुप्फुसात उतरतात, त्यामुळे हा मुद्दा नुसत्या टापटिपीचा नाही. पाण्याचा पेला हाताला येईल असा आहे, की खोलीच्या दुसऱ्या टोकाला?

वजनाची वही दोन्हीकडे मागा. महिन्यात 5 टक्के किंवा सहा महिन्यांत 10 टक्के घट ही गंभीर खूण मानतात; 60 किलोच्या व्यक्तीचं महिन्यात 3 किलो कमी झालं, तर कारण शोधलं गेलं होतं का ते विचारा. वहीच नसेल, तर त्यांना ही घट कळणारच नाही.

औषधं

इथे मोठं केंद्र सहसा वरचढ. इन्सुलिन, रक्त पातळ करणारी गोळी, कॅथेटर (लघवीची नळी), नाकातून घातलेली अन्ननळी असेल, तर चोवीस तास प्रशिक्षित नर्स हवीच. तरी एक दोष तिथेही असतो: एक नर्स 30 जणांना औषधं वाटते, प्रत्येकी चार मिनिटं धरली तर फेरीला दोन तास. पार्किन्सन्सच्या गोळीला एवढा उशीर चालत नाही. शरीर आखडतं, गिळणं अवघड होतं. "वेळेवर लागणारी औषधं फेरीच्या बाहेर काढून देता का?" असा थेट प्रश्न करा. छोट्या ठिकाणी अटेंडंटच डबीतून गोळ्या देतो. तिथे हळूहळू विरघळणारी गोळी कुटून दिली जाण्याचा धोका जास्त. कुटली की पूर्ण मात्रा एकदम रक्तात उतरते.

दुपारी बैठकीच्या खोलीत बहुतेक जण मान टाकून पेंगत असतील, तर शांत ठेवण्याची औषधं किती जणांना चालू आहेत आणि ती कुणी लिहून दिली, हे विचारायलाच हवं. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या वृद्धांमध्ये अँटिसायकोटिक औषधांनी, म्हणजे मुळात तीव्र मानसिक आजारांसाठीच्या औषधांनी, मृत्यूचा धोका वाढतो, हा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, 2005 मध्येच दिला आहे. माणसांची कमतरता गोळ्यांनी भरून काढणं आम्हांला सर्वांत अक्षम्य वाटतं.

पडण्याबद्दल थोडक्यात. चालत्या-फिरत्या वृद्धांच्या केंद्रात कुणीच कधी पडत नाही, असं सांगितलं तर एकतर नोंद होत नाही किंवा त्यांना उठूच देत नाहीत. हात बांधणं हा उपाय नव्हे, आणि खाटेचे कठडेही सरसकट लावायचे नसतात. गोंधळलेला माणूस ते ओलांडायला जातो आणि आणखी उंचावरून पडतो. खाली येणारी खाट, रात्रीचा मंद दिवा आणि ठरल्या वेळी स्वच्छतागृहात नेणं यांनी जास्त फरक पडतो.

कोणासाठी कोणतं

जखम, नळ्या, इन्सुलिन, वारंवार दवाखान्यात भरती होणं असेल तर मोठं केंद्र, पण रात्रीच्या आकड्यांची खात्री करूनच. डिमेन्शिया आहे, हिंडणं-फिरणं चालू आहे, अनोळखी चेहऱ्यांनी घाबरायला होतं, तर छोटं केंद्र. तेच तेच कर्मचारी किती महिने टिकले आहेत ते मात्र विचारा. दर महिन्याला माणसं बदलत असतील, तर छोटेपणाचा फायदाच उरत नाही. आणि प्रकृती ढासळली, उचलायला दोन माणसं लागू लागली, तर तिथे ठेवून घेतील का? अनेक छोटी केंद्रं त्या टप्प्यावर हात वर करतात. याचं उत्तर करारात लेखी घ्या, सोबत कुठल्या सेवेचे पैसे वेगळे आणि सोडताना किती दिवसांची पूर्वसूचना, हेही.

दोन्ही ठिकाणी दोनदा जा, एकदा संध्याकाळच्या जेवणाला आणि एकदा सुट्टीच्या सकाळी. खोलीतला वास क्षणाचा असू शकतो. मार्गिकेत दोन्ही वेळा लघवीचा वास आला, किंवा त्यावर दाट सुगंध फवारलेला असला, तर डायपर वेळेवर बदलत नाहीत. शक्य असेल तर आधी महिनाभराचंच राहणं ठरवा. दाखल करण्याच्या दिवशी वजन, त्वचेची संपूर्ण पाहणी आणि चालू औषधांची यादी केंद्राच्या सहीनिशी लिहून घ्या. महिना संपताना तीच तपासणी पुन्हा करायला लावा, आणि टाचा व माकडहाड स्वतः बघा.